तळाखाली गेलेली रेघ

पाइपाच्या दुकानातला माल संपतो, किस्से मात्र साचत जातात. गिऱ्हाईक पाइप घेऊन निघून जातं आणि बाकावर बसल्या बसल्या बोललेलं एखादं वाक्य आमच्याकडं सोडून जातं. जालन्यातल्या आमच्या दुकानात हल्ली असे निम्मे किस्से एकाच गोष्टीचे असतात. सुनेच्या, नेहाच्या, कॉम्प्युटरवरच्या ठिपक्यांच्या रेघेचे.

मी शिकलो ते गल्ल्यावर, म्हणून मला समजलं तसं सांगतो. आकडे भरले की कॉम्प्युटर त्यातून रेघ काढतो. तिथपर्यंत बराबर. मग नेहा एक बटण दाबते आणि आकडे संपले तरी रेघ ठिपक्या-ठिपक्यांनी पुढं चालत राहते. असंच चाललं तर पुढं काय होईल, ते दाखवते.

*

पहिली रेघ काढली ठिबकच्या नळ्यांच्या विक्रीची, ऐन उन्हाळ्यात. ठिपके चढत चढत स्क्रीनच्या बाहेर गेले.

"पप्पाजी, असंच चाललं तर दिवाळीपर्यंत गोडाऊन पुरणार नाही," नेहा म्हणाली. मी दुसरं गोडाऊन बघायला निघालो, चपलाही घातल्या.

आतून बायकोनं विचारलं, "पाऊस पडल्यावर कोण घेतो नळ्या?"

चपला काढल्या.

*

डॉक्टरांनी मला चालायला लावलं. सुरुवातीला वजन झपाट्यानं उतरलं. नेहानं त्याचीही रेघ काढली आणि पुढं सरकवली. येत्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माझं वजन शून्य.

बायकोनं शांतपणे पाहिलं आणि म्हणाली, "मंग यंदा नवे कपडे शिवायला टाकू नका."

*

अंकुशनगरकडचे एक ऊसवाले गिऱ्हाईक महिन्या-महिन्याला उसाची उंची सांगायचे. ठिपक्यांनी त्यांचा ऊस पार विजेच्या तारांवर नेला. ते तोंड भरून हसले. जाताना मात्र मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "शेठ, रेघ थोडी तरी खरी असंल ना?"

माणसाला चढती रेघ दाखवा, तो थोडीतरी खरी धरतोच. उतरती रेघ मात्र कुणी सहज मानत नाही. भास्कररावांनी मानली.

*

भास्करराव माझे जुने स्नेही, भोकरदनकडचे. मोसंबीची बाग, एक विहीर. त्या वर्षी पाऊस तोकडा झाला. पाऊस येईपर्यंत सगळी बाग आहे त्या पाण्यावर तगेल, की अर्धी तोडून उरलेली अर्धी जगवायची, एवढाच त्यांचा प्रश्न होता. दोरीला दगड बांधून ते पाणी मोजायचे आणि माप नेहाला फोनवर सांगायचे.

ठिपक्यांची रेघ चैत्रातच विहिरीच्या तळाला टेकली आणि तळाखाली गेली.

भास्करराव स्क्रीनजवळ वाकले. "सूनबाई, खाली खडक हाय. ही खडकात कशी घुसून राह्यली?"

"काका, रेघेला खडक माहीत नाही. तिला फक्त तुमची मापं माहीत आहेत."

त्यांनी रेघेचं टोक बोटानं चाचपलं. मग म्हणाले, "तोडणाऱ्याला सांगून टाकतो. अर्धी बाग जाऊ द्या."

नेहा अजून मापं बघत होती. "काका, मधले दिवस कुठं आहेत?"

"ते दिगंबरचे."

दिगंबर म्हणजे धाकटा भाऊ. विहीर सामाईक. काही दिवस याचा पंप, काही दिवस त्याचा. वाटण्या झाल्यापासून बोलणं बंद, आणि पाणी उतरलं की दोघंही एकमेकांच्या पंपाकडं बोट दाखवणार.

"त्याच्या पाळीला मी विहिरीकडं फिरकतच न्हाई," भास्करराव म्हणाले.

नेहानं हात कीबोर्डवरून काढला. "म्हणजे मी अर्ध्या विहिरीची रेघ काढली. यावर बाग तोडू नका, काका. मधली मापं आणा."

"त्याला विचारू?" भास्कररावांनी माझ्याकडं पाहिलं. मी गिऱ्हाइकाकडं पाहिलं. अशा वेळी दुकानदारानं मधे पडू नये.

*

पुढच्या बाजाराला भास्करराव आले. मागून दिगंबर. बाकाच्या दोन टोकांना दोघं, मधे एका माणसाची जागा.

दिगंबरनं खिशातून चिठ्ठी काढून नेहाला दिली. आपल्या प्रत्येक पाळीला तोही मोजत होता. वेगळी दोरी, वेगळा दगड.

नेहानं भास्कररावांचे ठिपके लाल ठेवले, दिगंबरचे हिरवे केले. लाल, हिरवा, लाल, हिरवा, असे एकाच जिन्यानं उतरत होते. एकाच्या पाळीत पाणी जेवढं उतरायचं, तेवढंच दुसऱ्याच्या.

दुकानात गिऱ्हाईक होतं, तेही वाकून स्क्रीनकडं बघू लागलं.

"आता पुढं नेते," म्हणत नेहानं बोट बटणावर ठेवलं.

"थांब बाई," दिगंबर म्हणाला. नजर स्क्रीनवरच होती. "पुढची रेघ इतक्यात काढू नको. किती उपसायचं ते आधी आम्हाला ठरवू दे."

भास्करराव बाकावर मधे सरकले.