ओल्या भिंतीवर निवडलेला रंग

आमच्या बोयाकाच्या डोंगरात मातीत निवडुंगाचा रस कालवून भिंती रंगवतात, आणि रंग निवडायचा तो वाळल्यावरच. एलेउतेरियोला हे ठाऊक होतं. पण बायको बासिलिसा अंथरुणाला खिळलेली, आणि धुकं काही हटेना, त्यात काही वाळेना. मरण्यापूर्वी खोली भाजल्या मक्याच्या रंगाची झालेली तिला पाहायची होती. त्याने उशाशी तीन मातींचे ओले पट्टे ओढले.

“हा मधला,” ती म्हणाली. “आणि आता तरी रेंगाळू नकोस, म्हाताऱ्या!”

त्याने चारही भिंती रंगवल्या. त्या ओल्या असतानाच ती गेली. मग ऊन पडलं, भिंती वाळल्या आणि खोली राखेसारखी फिकी पडली.

“पुन्हा रंगवा की, भाऊ,” शेजारीण म्हणाली.

“कुठल्या रंगाने? कुणाला विचारू?”

अजून तो तिथेच निजतो, तोंडावर घोंगडी ओढून.