फुकटचं सॉफ्टवेअर आणि आमचे सर

लॉग म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये कुणी, कधी, काय केलं याची आपोआप होणारी नोंद. डिस्क भरली की आमच्याकडे जुने लॉग उडवतात. किस्से मात्र कुणी उडवत नाही, त्यामुळे अंबरनाथ पूर्वेच्या आमच्या पाच टेबलांच्या ऑफिसात ते नुसते साठत चाललेत. त्यातले थोडे सांगते. आम्ही छोट्या कारखान्यांना सॉफ्टवेअर देतो, आणि ते नीट चाललंय की नाही यावर नजर ठेवणं हे माझं काम.

•

नजर ठेवायला मी ओपन सोर्स टूल बसवलं. कोड उघडा, कुणीही वाचावा, वापरावा, पैसे नाहीत. आमच्या देसाई सरांना तेच खटकलं. "फुकट मिळतं ते कधी चांगलं असतं का?"

म्हणून त्यांनी एका मोठ्या कंपनीचा टायवाला सेल्समन बोलावला. त्याने दोन तास डेमो दिला. जे जे दाखवलं ते मी माझ्या स्क्रीनवर आधीच उघडून बसले होते. सर फोन घ्यायला बाहेर गेले तेव्हा तो हळूच म्हणाला, "मॅडम, हे कुठून डाउनलोड केलंत?"

•

सुरुवातीला माझीही चूक झाली, कबूल! बारीकसारीक गोष्टीलाही अलर्ट, म्हणजे बिघाड झाला की मोबाइलवर येणारा मेसेज, लावला, आणि उत्साहात आमच्या सगळ्यात जुन्या ग्राहकाचा नंबरही यादीत टाकला. परसू शेठ, उल्हासनगरात बिस्किटांचा कारखाना. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन.

"बेटी, मशीन चालू है, बिस्कुट निकल रहा है, और तेरा मेसेज बोलता है सब मर गया! मी कोणाचं ऐकू?"

मी चार अलर्ट ठेवले, बाकी सगळे बंद केले.

•

दसऱ्याला आमच्याकडे सर्व्हरची पूजा होते. त्या वर्षी सरांनी झेंडूचा एवढा जाड हार आणला की सर्व्हरच्या पंख्याची जाळीच झाकली गेली. आरती चालू असतानाच सगळ्यांचे मोबाइल कोकलायला लागले: सर्व्हर तापला!

मी हार काढायला हात घातला तर सर ओरडले, "अपशकुन करू नकोस!" तेव्हा मंदाताई पुढे झाल्या. या कुळगावच्या, ग्राहकांचे फोन घेतात. "काढत नाय सर, जरा वर सरकवते. त्याला पण श्वास घेऊ द्या की!"

बिघाडाच्या नोंदीत कारण लिहावं लागतं. मी लिहिलं, झेंडू.

•

त्या टूलमध्ये मराठी नावं तुटकी दिसायची. मी कोड उघडला, चूक शोधली, दुरुस्त करून बनवणाऱ्यांना पाठवली. त्यांनी ती घेतली, आणि टूल घडवणाऱ्यांच्या यादीत माझं नाव लावलं!

सर म्हणाले, "नुसतं नाव? पगार नाही दिला?"

म्हटलं, "नाही दिला. पण आठ वर्षांत तुम्ही माझं नाव साधं वेबसाइटवर तरी लावलंत का?"

त्या दिवशी सर जेवायला आमच्यात बसले नाहीत.

•

आमच्याकडे सगळे एकाच 'अॅडमिन' लॉगिनने काम करायचे. मी ते बंद करून प्रत्येकाला वेगळं दिलं. सरांना राग आला. "आपण एक कुटुंब आहोत! वेगळं कशाला?"

"कुटुंबातसुद्धा टूथब्रश वेगळे असतात, सर!"

•

आता शेवटचा. एका सकाळी परसू शेठच्या मालाची अख्खी यादी गायब झाली. बॅकअपवरून मी ती अर्ध्या तासात परत आणली, पण शेठ तोवर रिक्षा करून ऑफिसात हजर. सरांनी त्यांच्यासमोर मंदाताईंकडे बोट दाखवलं. "यांनीच काहीतरी दाबलं असणार. उद्यापासून येऊ नका!"

मंदाताईंच्या घरात कमावणाऱ्या त्या एकट्याच. माझं डोकंच फिरलं. मी लॉग उघडला आणि भिंतीवरच्या टीव्हीवर लावला. सकाळी नऊ वाजून बारा मिनिटं. यादी डिलीट. लॉगिन: देसाई.

सर माझ्या कानाशी आले. "ती ओळ काढ."

"नाही काढणार!" मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "तुमच्या चुकीपायी मंदाताईंची नोकरी जाऊ देणार नाही. काढायचं तर मलाही काढा!"

सर लालबुंद झाले. "अरे, फुकटचं सॉफ्टवेअर ते! काहीही लिहितं! कोणीही पुसू शकतं त्यातलं. थांबा, मीच पुसून दाखवतो!" त्यांनी माझा कीबोर्ड ओढला, स्वतःचं लॉगिन टाकलं, ती ओळ निवडली आणि डिलीट दाबलं.

ओळ जागची हलली नाही. तिच्याखाली नवी ओळ आली.

परसू शेठ उठले, खिशातून चष्मा काढला, टीव्हीजवळ गेले आणि एकेक शब्द मोठ्याने वाचला: "अकरा वाजून चाळीस मिनिटं. देसाई. नोंद पुसण्याचा प्रयत्न. परवानगी नाही."

मग मंदाताईंसाठी खुर्ची पुढे ओढली, स्वतः शेजारी बसले आणि म्हणाले, "देसाई साब, एक बार और दबाओ ना!"