सुरतेहून ओ देणारा

२०२३ साल. मला एकाहत्तर पूर्ण झालेली. शाळा चौथीत सुटली, पण शहराबाहेर छाणीला श्रीखंडाचा कारखाना मी हिमतीवर उभा केला. तो कसा चालवायचा हे कोणी मला शिकवलेलं तेव्हा खपत नव्हतं, आताही खपत नाही.

कारखाना म्हणजे दोन खोल्या. एकीत चक्का टांगायचा आणि फेटायचा, दुसरी थंड खोली. तिथे चार अंश पाहिजेत. दार कोणी उघडं टाकलं की माल गेला. म्हणून माझ्या मुलीने आत उष्णता मोजायचं यंत्र लावलं आणि बाहेर भिंतीवर डब्याएवढा काँप्युटर बसवला. ती शहरात सयाजीगंजच्या एका ऑफिसात प्रोग्राम लिहिते. त्या डब्यातून आकड्यांची धार सारखी वाहते, कोणी बघो न बघो. फोनवर पान उघडलं की आपण धारेला जोडले जातो, आणि खोली तापायला लागली की फोनमध्ये भोंगा वाजतो.

माझ्या फोनवर होतं, मुलीच्या होतं आणि धाकट्या भावाच्याही. आम्ही दोघे भाऊ एकत्र होतो तेव्हा.

आमचं घराणं संस्थानच्या शिपायांचं. आजोबा राजवाड्याच्या फाटकावर पहारा करायचे. बदली माणूस येऊन 'सुट्टी' म्हणेपर्यंत जागा सोडायची नाही, ही शिस्त त्यांनी घरातही आणली. लहानपणी आम्हाला दुधापाशी बसवलं की 'सुट्टी' ऐकल्याशिवाय आम्ही उठायचो नाही. भाऊ तर दूध उतू जाऊन चूल विझली तरी बसून राहायचा.

तोच भाऊ एके दिवशी म्हणाला, "दादा, आजकालची पोरं चॉकलेटचा मठो मागतात. थोडा करून बघू."

मी म्हटलं, "श्रीखंड म्हण की गुजरात्यांचा मठो, वेलची आणि केशर. तिसरं काही या भांड्यात पडणार नाही."

"तू पहारेकरी आहेस, धंदेवाला नाहीस."

कामाच्या बायांसमोर बोलला हे. मीही त्यांच्यासमोरच म्हणालो, "मग तुला सुट्टी. जा."

तो गेला. सुरतेला मुलाकडे राहायला लागला. दिवाळी आली, गेली, दुसरी आली. त्याने फोन केला नाही, मीही केला नाही.

पुढे डबा बिघडला. दार एकदा उघडं राहायचं आणि माझा फोन आठ-नऊ वेळा बोंबलायचा. संध्याकाळ झाली की डबा तापून गपगार. एका रविवारी मुलगी छाणीला आली आणि डब्यासमोर स्टूल टाकून बसली. बराच वेळ बघून हसायला लागली.

"बाबा, तुम्ही दिवसातून कितीदा पान उघडता?"

"माझा माल आहे. शंभरदा उघडीन."

"उघडा ना. पण प्रत्येक वेळी डब्यात तुमच्या नावाचा एक ऐकणारा उभा राहतो. आम्ही त्याला सबस्क्रिप्शन म्हणतो. तुम्ही पान बंद केलंत तरी तो उभाच. दार उघडलं की सगळे मिळून ओरडतात. उभे राहायला त्यांना जागा लागते, डब्याचा जीव केवढासा. ज्याला उभं केलं त्याला घरी पाठवायचंही तेव्हाच लिहून ठेवायचं असतं. मी विसरले."

"म्हणजे पहारा बदलला आणि जुन्या शिपायाला सुट्टी कोणी दिलीच नाही."

"अगदी तसंच."

मग तिने डब्यातून सगळ्यांना हाक घातली. जो ओ देईल तो खरा, बाकीचे फुकट उभे. थोड्या वेळाने तिचं हसू गेलं.

"तिघे ओ देताहेत. तुम्ही, मी. तिसरा फोन काकांचा."

"त्याचं जुनं काही राहिलं असेल."

"नाही. जुनं असतं तर ओ आली नसती. आत्ता, या घटकेला सुरतेत काकांच्या फोनवर हे पान उघडं आहे."

मी चक्क्याच्या फडक्याला पीळ देत राहिलो. त्यातलं पाणी केव्हाच गळून गेलं होतं.

ती म्हणाली, "मी सगळ्यांना काढून नवीन पद्धत लावते. पान बंद झालं की ऐकणारा आपोआप जाईल. पण आत यायला आता परवानगी लागेल, आणि ती मालकाने द्यायची. काकांना देऊ?"

"ज्याला पाहिजे तो मागेल."

"काका मागणार नाहीत. तुमचेच भाऊ आहेत."

"मग सगळ्यांना सुट्टी."

तिने माझ्याकडे बघितलं आणि बटण दाबलं. दार उघडून पाहिलं, भोंगा एकदाच वाजला. काम चोख झालं होतं. मी तिला शाबास म्हणालो. तिने स्टूल उचलून जागेवर ठेवलं.

संध्याकाळी समा भागातल्या आमच्या घरी चहा घेत होतो. मुलीला भावाच्या बायकोचा फोन आला. तिने तो मुद्दाम स्पीकरवर टाकला.

"अगं, तुमची थंड खोली बंद पडली का? दुपारपासून यांच्या फोनवर आकडा हलत नाही. माल खराब होईल म्हणतात, येरझाऱ्या घालताहेत. जेवले नाहीत. मी म्हटलं दादांना विचारा, तर म्हणे मला सुट्टी दिलेली आहे, मी कोण विचारणार."

मुलगी म्हणाली, "काही बिघडलं नाही काकू, दुरुस्ती चालली होती." फोन ठेवून ती माझ्याकडे वळली.

मी म्हटलं, "पाठव त्याला परवानगी."

"पाठवते. ते विचारतील, कोणी दिली. काय सांगू?"

"सांग, डब्याने दिली."

"डबा आपणहून कोणाला बोलावत नाही, बाबा."

ती आत निघून गेली. मी तिथेच बसलो. बायांसमोर मी त्याला सुट्टी दिली, तरी त्याने जागा सोडली नव्हती. दोन वर्षं माझ्या दाराकडे कान लावून उभा होता. शिस्त आमच्या घरात खरी त्यानेच पाळली. मी फक्त लोकांना सांगत फिरलो. मुलीने 'काकांना देऊ?' विचारलं तेव्हा 'हो' म्हणायला मला किती वेळ लागला असता?

दुसऱ्या दिवशी सकाळी छाणीला गेलो, थंड खोलीत शिरलो, आकडा डोळ्यांनी बघितला आणि सुरतेला फोन लावला. त्याच्या बायकोने घेतला.

"दादा? यांना पहाटे कुठे डोळा लागला. उठवू?"

"नको, झोपू दे. चार आहे म्हणून सांग."

"तुम्हीच सांगा ना. थांबा, उठवते."

तो यायच्या आत मी फोन ठेवला आणि चक्का फेटायला घेतला.