टबाच्या कडेची फट
सिलिकॉनचा आंबट वास आला की मला आमचं कोपर गावातलं घर आठवतं. वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी हौसेने बाथटब बसवला, पण टब आणि भिंतीच्या टाइल्समधली फट तशीच सोडली. त्यांनी आंघोळ केली की पाणी झिरपून आमच्या छतातून अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंच्या अंगावर ठिबकायचं. मी सांगायला गेले तर ते म्हणाले, "अहो वहिनी, पलंग सरकवा ना थोडा!" माझं डोकंच फिरलं. मी सिलिकॉनची ट्यूब आणली, तडक त्यांच्या बाथरूममध्ये शिरले आणि ती फट स्वतः बुजवली. ते दारात उभे राहून म्हणाले, "जरा जपून हं, टाइल्स इम्पोर्टेड आहेत." ठिबकणं थांबलं. पण सासूबाई कशा आहेत, हे त्या माणसाने कधीच विचारलं नाही, आणि त्याचा राग मला आजही येतो.