कोणीच न जाणारा सुळका

मी माळ्यावर चढलो तरी धापा टाकतो, असं बायको चारचौघांत सांगायची. म्हणून एकदा मी पैज लावली, की मळवलीपलीकडच्या, कोणीच जात नाही अशा सुळक्यावर माझं उपरणं झेंड्यासारखं लावून येईन. सोबतीला मास्तर मित्र घेतला. तो माझ्याहून जाड होता, हीच त्याची पात्रता.

पायथ्याशी एका म्हाताऱ्याला विचारलं, "आबा, वर कोणी जातं का?"

"न्हाई बा. कोन बी न्हाई जात."

आम्ही खूश! रांगत, सरपटत दुपारी माथा गाठला, तर तिथं एक मावशी गवत कापत होती.

"इथं कोणी येत नाही म्हणाले!" मास्तर कळवळला.

"व्हय, कोन न्हाई येत. आमीच येतो गवताला."

तरी मी काठीला उपरणं बांधलंच. ती हरखली. "बरं आनलंत भाऊ! भाऱ्याची दोरीच तुटली बगा."

आमचा झेंडा तिच्या डोक्यावरच्या भाऱ्याला आवळून डोंगर उतरला. वाट तिलाच ठाऊक, म्हणून मागोमाग आम्ही.

कापड रेशनवर मिळायचे दिवस. घरी पोचताच बायकोनं आधी विचारलं, "उपरणं कुठंय?"

मी खरं ते सांगितलं. ती इतकी हसली, की बसल्या जागी धापा टाकू लागली.