नर्सबाईंच्या गाडीची स्क्रीन

काकूंचे सासरे घड्याळजी. एकुलता एक मुलगा, पण त्याचे हात असे दांडगे की त्याने कपाला हात लावला की घरातल्यांचा जीव वर-खाली व्हायचा. गिऱ्हाइकांच्या चार घड्याळांची वाट लावल्यावर सासऱ्यांनी त्याला स्पष्टच सांगितलं, "बाळा, तुझ्या हाताला स्टिअरिंग शोभेल, चिमटा नाही." मुलगा बसवर ड्रायव्हर झाला, आणि चिमटा नव्या सुनेच्या हातात आला.

ड्रायव्हर झालेला तो मुलगा म्हणजे आपले काका. बायको सासऱ्यांच्या खुर्चीत बसून डोळ्याला भिंग लावते, याचं लोकांना हसू यायचं. काकांना मात्र तिच्याकडे बघत बसायला आवडायचं. केसाएवढी स्प्रिंग ती अशी उचलायची की वाटावं, स्प्रिंगच आपण होऊन चिमट्यात येते आहे.

पुढे मनगटं ओकीबोकी झाली. वेळ बघायला जो तो खिशातून फोन काढू लागला. दुकानात दिवसाला एखादा सेल बदलायचं काम आलं तर आलं. अशात एक ओळखीचा टॅक्सीवाला गाडीच्या डॅशबोर्डातली मोठी स्क्रीन काढून घेऊन आला. बोट एकीकडे टेकवलं की भलतंच बटण दाबलं जायचं. तो म्हणाला, "काकू, बघा की जमतंय का. यातही घड्याळ आहेच!"

त्याने थट्टा केली, पण काकूंनी मनावर घेतलं. तेव्हा त्या चोपन्न वर्षांच्या होत्या. भंगारवाल्याकडून मोडक्या गाड्यांच्या स्क्रीन आणल्या, फोनवर व्हिडिओ बघून वहीत आकृत्या काढल्या. पहिल्या दोन स्क्रीन कायमच्या गेल्या. तिसरी उजळली तेव्हा काकूंनी काकांना अशी हाक मारली की ते दाढीचा साबण तोंडावर तसाच ठेवून धावत आले. वर्षभरात दुकानात घड्याळांपेक्षा गाड्यांच्या स्क्रीन जास्त दिसू लागल्या.

आणि मग एक दिवस नर्सबाई आल्या. घरोघर जाऊन आजारी माणसांची देखभाल करायची हे त्यांचं काम. सगळी भिस्त गाडीवर. त्यांच्या गाडीची स्क्रीन चालता चालता काळी पडायची. नकाशा गेला, फोन गेला, गाडी मागे घेताना दिसणारं चित्रही गेलं.

"कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने अख्खी नवी बसवून दिली," नर्सबाई म्हणाल्या, "आठवड्यात तिचंही तेच! आता म्हणतात, बाई, तुम्हीच काहीतरी चुकीचं दाबत असाल. परवा एका आजोबांकडे पोचायला अर्धा तास उशीर झाला हो. माझी वाट बघत ते दारात उभे होते."

काकूंनी स्क्रीन उघडून दोन दिवस तपासली. मग वायरिंगचा नकाशा मिळतो का बघायला काकांना घेऊन सर्व्हिस सेंटरला गेल्या. तिथल्या मुख्य मेकॅनिकने भिंगाच्या पट्ट्याचा वळ उमटलेलं त्यांचं कपाळ पाहिलं आणि हसून म्हणाला, "मावशी, हा मिक्सर नाही."

काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. काकू मात्र शांतपणे वळल्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "त्याच्याशी भांडून तार थोडीच सापडणार आहे?"

नर्सबाईंना त्यांनी सांगितलं, "ताई, स्क्रीन ठणठणीत आहे. पेशंट दुसराच कोणीतरी आहे. उद्या आम्हाला तुमच्याबरोबर दिवसभर हिंडू द्या." आणि काकांना म्हणाल्या, "अहो, गाडी तुम्ही चालवा."

सकाळी काका स्टिअरिंगवर, शेजारी नर्सबाई, मागे वही घेऊन काकू. तीन घरं झाली तरी स्क्रीन लख्ख. काका खट्टू झाले. दुखणाऱ्या दाताने डॉक्टरसमोरच गप्प बसावं तसं झालं. चौथ्या घरी ऑक्सिजनचा सिलिंडर पोचवायचा होता. तो पुढे पायाशी मावावा म्हणून नर्सबाईंनी शेजारची सीट पार मागे सरकवली, सिलिंडर पट्ट्याने बांधला आणि त्या मागे काकूंजवळ जाऊन बसल्या. पहिल्याच खड्ड्याला स्क्रीन काळी!

"थांबवा!" काकू ओरडल्या. काकांनी गाडी कडेला घेतली. "आता सीट थोडी पुढे घ्या."

सीट पुढे आली. मिनिटभराने स्क्रीन उजळली. पुन्हा मागे सरकवून गाडी हलवली, पुन्हा काळी. तिसऱ्यांदाही तेच.

"हे घर आधी," काकू म्हणाल्या. "सिलिंडर पोचू दे."

तो पोचल्यावर मात्र त्यांनी भर रस्त्यात गाडीच्या दाराशी सतरंजी अंथरली आणि टॉर्च घेऊन सीटखाली डोकं घातलं. येणारे-जाणारे थांबून बघू लागले. काका कमरेवर हात ठेवून उभे राहिले, कोणी हसलंच तर बघून घेऊ अशा तयारीने.

सीटखाली आवाज मोठा करणारा डबा होता. स्क्रीन आणि तो डबा एकमेकांशी तारांवरून बोलतात. त्या तारांची क्लिप तुटली होती. सीट मागे गेली की जुडगा तिच्या लोखंडी पट्टीवर घासायचा. एका तारेचं आवरण सोलून आतलं तांबं उघडं पडलं होतं. ते पट्टीला टेकलं की बोलणं बंद, आणि स्क्रीन डोळे मिटायची.

"सापडला गं बाई चोर," सीटखालून आवाज आला.

दुकानाशी आल्यावर काकूंनी आधी बॅटरी सोडवली. सीटखाली एअरबॅगच्याही तारा असतात, त्यांतली उरलीसुरली वीज उतरावी म्हणून अर्धा तास थांबल्या. मग तार जोडली, तिच्यावर नवं आवरण चढवलं आणि जुडगा पट्टीपासून लांब, नव्या क्लिपांत पक्का बसवला.

महिनाभर स्क्रीन एकदाही गेली नाही. नर्सबाई गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. सर्व्हिस सेंटरला जाऊन त्यांनी मुख्य मेकॅनिकला गाडीत बसवलं, सीट मागे-पुढे करून दाखवली, आणि सगळी हकिगत सांगितली. चार दिवसांनी त्याचा काकूंना फोन आला. आवाज चांगलाच खाली आला होता. एक गाडी दीड महिना त्यांच्याकडे उभी होती, दोनदा स्क्रीन बदलूनही गुण नव्हता. "तुम्ही येऊन बघाल का? वायरिंगचे नकाशे काढून ठेवलेत."

"बघते," काकू म्हणाल्या, "पण बाकीच्या मेकॅनिकांनाही उभं करा. एकट्याने बघितलेलं एकट्यापाशीच राहतं."

ठरल्या दिवशी काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला. हत्यारांची पेटी काकूंना उचलू दिली नाही. फाटकावरच्या रखवालदाराने दोघांना आपादमस्तक न्याहाळलं आणि काकांनाच विचारलं, "काय काम आहे साहेब तुमचं?"

तीस वर्षं बस चालवली होती त्यांनी, पण इतकी छाती पुढे काढून कधी बोलले नव्हते.

"माझं काही नाही," काका म्हणाले. "मी ड्रायव्हर. काम मॅडमचं आहे."