बारा बोर, वीस बोर आणि माझं भाषांतर

मी मस्कतमध्ये बाथरूमचे नळ आणि पाइप विकतो, त्यामुळे बंदुकीच्या बाबतीत माझ्यावर विसंबायला काहीच हरकत नव्हती.

आमचे अर्बाब (म्हणजे मालक; देह दांडगा, मन मऊ, उजवा खांदा कायमचा दुखरा) चुलतभावांबरोबर आफ्रिकेत रानकबुतरांच्या शिकारीला निघाले होते. आजवर त्यांनी रायफलनं पुठ्ठ्यावर नेम धरलेले. छऱ्यांची बंदूक त्यांना नवी. बंदूक तिथंच भाड्यानं मिळणार होती. फक्त बारा बोरची हवी की वीस, एवढं कळवायचं होतं.

आणि मी दुकानात तोंड उघडलं, "अर्बाब, मेरा ससुर बडा शिकारी है!"

उघडावंच लागलं हो! दुक्मच्या नव्या शाखेत कुणाला धाडायचं, हे त्याच आठवड्यात ठरणार होतं. दुक्म म्हणजे बायकोमुलांपासून कोसो दूर, नुसती वाळू आणि बांधकाम. अर्बाबना खूश ठेवणं भाग होतं.

सासरे, म्हणजे इनासपप्पा, वसईहून व्हिजिट व्हिसावर आमच्या वादी अदाईच्या फ्लॅटवर आले होते. तरुणपणी मिठागराच्या शेठबरोबर ते बदकांच्या शिकारीला जायचे. त्यांना हिंदी येतं, पण ते फक्त त्यांनाच कळतं. म्हणून दुभाषा मी!

अर्बाब दुपारी जेवायला यायच्या आधी फिलूनं, माझ्या बायकोनं, मला दम भरला, "पप्पा बोलतील तेवढंच सांग हां. तुझं काही घालू नको."

"मी कशाला घालू?" मी दुखावलोच.

जेवण झालं. फिलू आत भांड्यांत अडकली. अर्बाबनी फोनवर दोन बंदुकांचे फोटो दाखवले. पप्पांनी फोन हातभर लांब धरून पाहिला आणि म्हणाले, "ह्याचा खांदा दुखतो ना? मग वीस घेऊ दे. वीस हलकी. बारा गाढवासारखी लाथ मारते."

आता सांगा, पाइपच्या धंद्यात चार इंची हा दोन इंचीपेक्षा मोठाच असतो की नाही? मग वीस हलकी आणि बारा जोरदार कशी? म्हाताऱ्याचा गोंधळ झाला (सत्तरीत होतो). पाहुण्यासमोर त्यांची शोभा नको, म्हणून मी भाषांतरातच दुरुस्ती केली.

"अर्बाब, पप्पा बोलता है, बारा हलका. बीस गधे के माफिक लात मारता."

"तो बारा, खलास!"

पप्पा दचकले. "अरे, बारा काय? वीस, वीस!" दोन्ही पंजे त्यांनी दोनदा नाचवले.

"क्या बोलता?"

"बोलता है... बीस चिडिया मिलेगा."

"माशाल्ला!"

पप्पा लालबुंद. "पास्कल, त्याला सांग, खांदा निखळेल!" ते उठले, स्वतःच्या खांद्यावर गुद्दा हाणला आणि डोळे पांढरे करून सोफ्यावर कोसळले.

अर्बाब घाबरून उभे राहिले. "ये क्या हुआ?"

"कुछ नही! बोलता है, कंधे को एकदम आराम पडेगा."

अर्बाबनी तिथल्या तिथे आफ्रिकेला निरोप धाडला, पप्पांचे दोन्ही हात प्रेमानं दाबले आणि थेट विमानतळ गाठला.

"एक रत्तल, म्हणजे पौंडभर शिसं घ्यायचं आणि त्याच्या बंदुकीच्या नळीत बसतील अशा सारख्या गोळ्या करायच्या," पप्पा दात खात मला समजावू लागले. "बारा झाल्या तर बारा बोर, वीस झाल्या तर वीस बोर. आता सांग, कुठली गोळी मोठी?"

मी बोटांवर हिशेब केला. बाराचीच मोठी! "हे आधी नाही का सांगायचं, पप्पा?"

"मला काय माहीत तू विचार करतोयस! मला वाटलं, भाषांतर करतोयस!"

मी फोन लावला. बंद! आतून फिलू म्हणाली, "दुक्मला जाताना जाड चादर घेऊन जा."

अर्बाब परतले ते हात गळ्यात बांधूनच. मला आणि पप्पांना दुकानात बोलावणं आलं.

"एक चिडिया नही मिला, पास्कल," ते कण्हत म्हणाले. "बंदूक ने मेरे को मारा."

मी काही बोलायच्या आत पप्पा पुढे सरसावले. बोटांनी बारा दाखवले आणि हवेत अशी लाथ झाडली की टेबलावरचा कॅल्क्युलेटर उडाला. मग वीस दाखवले आणि तान्ह्या बाळाला थोपटावं तसं खांद्याला थोपटलं. अर्बाबना सगळं कळलं. एका मिनिटात!

"और तुम क्या बोला था?"

मी उडालेला कॅल्क्युलेटर उचलायला वाकलो. अर्बाब आधी भडकले, मग हसायला लागले, मग खांदा दुखला म्हणून पुन्हा भडकले. "तुम्हारा दुक्म कॅन्सल! उधर आदमी ऊपर चढ के काम करता. तुम नीचे से उल्टा बोलेगा, आदमी गिरेगा!"

मी सुटलो! त्या आनंदात पप्पांजवळ जाऊन उभा राहिलो. ते हातवारे करून बदकांचा कुठलासा किस्सा रंगवत होते आणि अर्बाब माना डोलवत होते. मला राहवेना. "अर्बाब, पप्पा बोलता है..."

"बस!" दोघं एकदम ओरडले.

मराठी काय आणि हिंदी काय, तेवढा एक शब्द मला बिनचूक कळला.